मावलीचा मुकुट पाण्यात

"मुकुट पाण्यात सोडायचा म्हणजे सोडायचा," फ्लॉसी म्हणाली. चॅपलच्या अंगणात जमलेलं पाचूबंदर गाव तिच्याकडे असं बघायला लागलं, की जणू ती मावलीलाच बुडवायला निघाली होती.

गेल्या साली बोटी वादळातून सुखरूप परतल्या, तेव्हा घराघराने नवसाचं सोनं दिलं होतं. फ्लॉसीच्या बापाने, सोनार फर्डिनंडने, त्याचा चॅपलातल्या मावलीच्या मूर्तीसाठी मुकुट घडवला, मजुरीही घेतली नाही. आता मुकुटाच्या एका पाकळीवर काळपट छटा आली आणि गाव म्हणालं, फर्डिनंडने तांबं मिसळलं. गावाला पुरावा लागत नाही, सवड लागते. मासेमारी बंदीच्या दिवसांत ती भरपूर असते.

तीन आठवडे दुकानाची पायरी कुणी चढलं नव्हतं. फर्डिनंड जेवत नव्हता. काल त्याने फ्लॉसीला विचारलं, "भरती किती वाजता गं?" त्या माणसाने जन्मात कधी बोटीवर पाय ठेवला नव्हता.

म्हणून आज फ्लॉसी उठली. शाळेत ती विज्ञान शिकवायची.

"बावीसशे वर्षांपूर्वीची गोष्ट. ग्रीकांचं सिराक्यूज शहर. राजाला संशय आला, सोनाराने मुकुटात चांदी घातली."

"म्हंजे सोनार तवापासनं असेच!" चॅपल कमिटीचा सेबेस्टियन म्हणाला. हशा पिकला. फर्डिनंड खाली बघत राहिला.

"राजाने आर्किमिडीजला सांगितलं, मुकुट तोडायचा नाही, घासायचा नाही, तरी खरं काय ते शोध. भेसळीचं सोनं तेवढ्याच वजनाच्या चांगल्या सोन्यापेक्षा जास्त जागा घेतं, म्हणून पाण्यात हलकं पडतं. तराजूला एकीकडे मुकुट लावू, दुसरीकडे चांगलं सोनं. आधी हवेत काटा बरोबर करू, मग दोन्ही पाण्यात सोडू. मुकुट वर गेला, तर भेसळ."

"मंग त्या सोनाराचं काय झालं?" रोझलीनने विचारलं. तिच्या दोन बोटी, त्यामुळे आवाजही दोघींचा.

"पुस्तकात नीट दिलेलं नाही," फ्लॉसी म्हणाली. चांगलं नीट दिलेलं होतं.

"पोरी, नको," फर्डिनंड हळूच म्हणाला. "सोड हे."

 एक प्रश्न ती तीन आठवडे गिळत होती, तो आत्ताही गिळला.

"मी वसईच्या बाजारातनं सोन्याचं बिस्कीट आनतो," सेबेस्टियन म्हणाला. "तेच लावू समोर."

रोझलीन भडकली. "बाजारचं सोनं मावलीच्या समोर? कोनाचं, कुठलं, कोन सांगनार? सोनं तपासनारा यंत्रवाला सोनार मुकुट दुकानात आना बोलला, तवा पन आपन नाय बोललो. मावलीला घरचं सोनं लागतं!" तिने मनगटातल्या पाटल्या ओढून काढल्या. "या माझ्या लग्नातल्या. काढ खोट!"

सेबेस्टियनची काय टाप! ज्युलिएटने बांगड्या काढल्या, स्टेफीने गोफ. पाचूबंदरची बाई दुसरीच्या नवऱ्यावर संशय घेईल, स्वतःच्या लग्नाच्या सोन्यावर कधीच नाही.

फर्डिनंडने तीन आठवड्यांत पहिल्यांदा मान वर केली. त्याचे डोळे भरले होते. "लावा," तो म्हणाला. "बायकांनी एवढा मान दिला. माझी हरकत नाय."

फ्लॉसीने पोकळ नग बाजूला काढले. बारीक तारेने एकीकडे मुकुट टांगला, दुसरीकडे पाटल्या-बांगड्यांचा झुबका. काटा मध्यावर आला. खाली लग्नातली दोन मोठी पातेली पाण्याने भरून ठेवली होती. बुडबुडे झटकत तिने दोन्ही बाजू पाण्यात सोडल्या आणि डोळे मिटले.

तेवढ्यात रोझलीनची किंकाळी आली, "बरोबर हाय! मावले, बरोबर हाय!"

काटा मध्यावरून केसभरही हलला नव्हता.

सेबेस्टियनने डोक्यावरची टोपी काढली. "फर्डिनंड, माझं चुकलं रे बाबा." बायका रडल्या, आपापले दागिने पुसून पुन्हा अंगावर चढवले, आणि प्रत्येकीने आपल्याला पहिल्यापासून खात्री होती असं शेजारणीला सांगितलं.

दुपारी फर्डिनंडने भात मागून घेतला, वर सुका बोंबील. फ्लॉसी समोर बसून त्याचा एकेक घास बघत होती. आता काहीही विचारायला भीती नव्हती.

"पप्पा, मुकुट चोख होता, मग मला नको नको का म्हणत होतास?"

"सेबेस्टियन बिस्कीट आनील, हे ठाऊक होतं मला."

"आणलं असतं तर काय झालं असतं?"

"मुकुट वर गेला असता." त्याने बोंबलाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. "तांबं आहे त्यात. तोळ्यामागे नेहमी जास्तीचं घालतो, तेवढंच."

"नेहमी?"

"चाळीस वर्षं," फर्डिनंड म्हणाला आणि भातासाठी ताट पुढे केलं. "रोझलीनच्या पाटल्या कोणी घडवल्या, असं वाटतं तुला?"