डोळ्याखालची कड

"मान जरा वर धरा," सिद्धम्मा म्हणाली. शेजारच्या गुंडप्पानं मागून दोन्ही हातांनी डोकं सावरलं.

पापणीवर तिनं शंखजिऱ्याची उजळ पूड लावली. डोळ्याखाली तेलात घोटलेली काजळी, नाकाजवळ सगळ्यात गडद. उजळ भाग पुढं येतो, गडद मागं जातो, हे तिला वडलांनी शिकवलं होतं. बयलाटात, सरहद्दीवरच्या गावांतल्या कानडी नाटकांत, ते सोंगांचे चेहरे रंगवत.

"वैनी, कड दिसतीय," गुंडप्पा म्हणाला. "दिव्यात चालंल. उन्हात न्हाय चालायचं."

तिचं बोट कडेपाशी गेलं आणि थांबलं. बाहेरून हाका येत होत्या. तिनं हात पुसले.

तिचा नवरा वीरभद्र तापानं गेला, असं गावात सांगितलं होतं. सोलापूरहून बंदुका आणल्याचा आळ घेऊन निजामाचे पोलीस त्याला शोधत होते. सापडला तर परत येणार नव्हता. मागं एकदा वीरभद्र समजून त्यांनी थोरल्या भावाला, रेवणप्पांना धरून नेलं होतं. चूक कळल्यावर सोडलं, पण मार बसायचा तो बसला होता; तेव्हापासून ते अंथरुणालाच खिळले होते.

घराण्यातल्या मेलेल्यांना पुरायची जागा, रुद्रभूमी, नळदुर्गच्या नाक्यापलीकडं, निजामाच्या हद्दीबाहेर होती. लिंगायत आपला मेलेला माणूस आडवा नेत नाहीत. मांडी घालून, फुलांच्या विमानात बसवून नेतात. जिवंत माणसालाही तसं बसून जाता येईल, हा विचार नाक्यावरच्या जमादारानंही केलेला असणार.

विमान उचललं. मागं गुंडप्पा आणि शिवलिंगप्पा, पुढं चन्नबसप्पा आणि दुसऱ्या दांडीला पाठीत वाकलेला एक म्हातारा. ऊन चढलं तशी काजळी चकाकू लागली. गुंडप्पा सारखा सिद्धम्माकडं बघत होता. ती खाली बघून चालत होती.

नाक्यावर जमादारानं विमान खाली ठेवायला लावलं. तो वाकला, चेहरा न्याहाळला आणि हसला.

"बाई, तुमच्या वडलांचं काम म्या बघितलंय. त्यांनी अशी कड ठेवली नसती." मग विमानाकडं वळून म्हणाला, "चल वीरभद्र, उतर खाली. बयलाट संपला."

कुणी हललं नाही. शिपायांनी बंदुका रोखल्या. जमादारानं अंगठ्यानं काजळी पुसली आणि पापणी वर ओढली.

डोळ्यावर धूसर पडदा होता. भर उन्हातही बाहुली आकसली नाही. त्यानं नाकाखाली बोट धरलं, हात उचलून पाहिला. हात लाकडासारखा ताठ होता.

तो मागं सरकला. डोक्यावरची टोपी काढली.

"मग रंग कशाला लावला?"

"तापानं तोंड सुजलं होतं," सिद्धम्मा म्हणाली. "शेवटचं नीट दिसावं म्हणून."

जमादारानं खांदेकऱ्यांकडं नजर वर करून पाहिलंही नाही. वीरभद्र मेल्याचं आपण स्वतः पाहिलं, असं वर कळवतो, म्हणाला. कुणाची झडती घ्यायची नाही, असं शिपायांना बजावलं. वाकलेल्या म्हाताऱ्याला पाणी पाजायला सांगितलं. म्हातारा ओंजळीनं खाली मान घालून पाणी प्याला.

नाका दिसेनासा होईपर्यंत विमान कुठं थांबलं नाही. रुद्रभूमीत खड्डा तयार होता. विमान खाली ठेवलं. सिद्धम्मानं पदर भिजवला आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांखालचा गडद रंग पुसू लागली. रंग कुठं संपतो आणि कातडी कुठं सुरू होते, ते तिचं तिलाही लगेच सापडलं नाही.

म्हातारा पाठ सरळ करून उभा राहिला.

"सरका," वीरभद्र म्हणाला. "रेवणदादाला पहिली माती म्या देणार."