इस्त्रीची पाळी

शालिग्राम शिंप्यानं नव्या खोलीला कुलूप ठोकलं, हातमशीन खांद्यावर घेतली, नवरदेवाच्या कोटाचं बोचकं बगलेत मारलं आणि भर दुपारी बालाजीच्या देवळामागच्या ओसरीकडे निघाला. पाय मात्र मागं ओढत होते.

त्या ओसरीवर चौघा शिंप्यांच्या रांगेत तो वर्षानुवर्षं बसलेला. मग एक दिवस, गिऱ्हाइकांसमोर, ज्यांनी सुई धरायला शिकवली त्या कडूबामास्तरांना म्हणाला, "तुमच्या टकळीपायी माह्या हाताले वेग नाही." आणि खोली घेऊन वेगळा झाला. खोलीत टकळी नव्हती. वेगही नव्हता. एक शिवण घालावी, उसवावी, दाराकडं बघत बसावं, असा त्याचा दिवस जायचा. आज संध्याकाळच्या जालन्याच्या मोटारीनं वऱ्हाड निघणार आणि कोटाला अजून बाह्याच नाहीत. नवरदेव बिनकोटाचा गेला असता, तर देऊळगावात कुणी त्याच्याकडं साधी पैरण टाकली नसती.

तो ओसरीवर चढला तशा गप्पा बंद पडल्या. मशिनी तेवढ्या चालू राहिल्या. त्याच्या जागेवर चिंध्यांचं गाठोडं होतं.

"काऊन शालिग्रामसेठ," मास्तर सुई ओवता ओवता म्हणाले, "वाट चुकले काय?"

"कोट राह्यला, मास्तर. आज द्याचा हाये."

"मंग खोली हाये ना तुमची. तिथं कोणी बोलत नाही."

"तेच तं," शालिग्राम खाली बघत म्हणाला. "तिथं कोणी बोलत नाही."

त्या जागेशेजारी बसणाऱ्या भाऊरावानं गाठोडं हलवलं नाही. त्याला हात लावायची शालिग्रामची छाती झाली नाही. तो पायरीवर, उन्हातच बसला आणि मशीन फिरवू लागला. पहिली शिवण वाकडी गेली. मग भाऊरावाच्या मशिनीची खडखड कानात शिरली आणि याचाही हात तिच्या मागं धावू लागला. एक बाही लागली. दुसरीही लागली. त्याला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं.

आता राहिली इस्त्री. आणि घ्या, घाईत ती खोलीतच राहिलेली. ओसरीवर कोळशाची एकच इस्त्री. ती रांगेनं फिरायची, ज्याची झाली त्यानं पुढच्याकडं सरकवायची. मागायची रीत नव्हती. पूर्वी भाऊरावानंतर शालिग्रामची पाळी असायची. तो गेल्यापासून भाऊराव ती थेट रांगेतल्या पुढच्या माणिकरावाकडं द्यायचा.

खाली नवरदेवाचा बाप येऊन उभा राहिला. "झाला का हो कोट? मोटार लागली."

शालिग्राम हातानंच कोटाच्या सुरकुत्या मोडू लागला. भाऊरावाची इस्त्री आटोपली होती. माणिकरावानं सवयीनं हात पुढं केला. भाऊरावानं एकदा पायरीकडं पाहिलं, एकदा मास्तरांकडं, आणि तसाच थांबला.

मास्तरांनी काजावरची नजर काढली नाही.

"हातात धरून काय बसला बे, भाऊराव? शाल्याची पाळी हाये. निखारे विझून राह्यले."