अठ्ठेचाळीस घरांतली बाहुली

समजा, तुम्ही अजून न बांधलेल्या एका बारा मजली इमारतीत शिरला आहात. शिरायला पाय लागत नाहीत, कीबोर्डवरचे बाण पुरतात. बाण दाबला की पडद्यावरची बाहुली चालते. तिला चालवते आहे पहिलीतली धाकटी. मागे उभा आहे तिचा दादा. तो आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चार वाजेपर्यंत कॉलेजला नकाशे पाठवायचे आहेत. नाही गेले तर वर्ष वाया. साडेतीन वाजलेत, तरी स्वारी खुशीत आहे.

खुशीत का नसेल? त्याचे मित्र एकेक खिडकी बसवून घामाघूम झाले होते. यानं महिनाभर खपून अशी सोय केली होती, की घर एकच आखायचं; बाकीची सत्तेचाळीस त्याच्याबरहुकूम आपोआप तयार. एकात खिडकी सरकवली की सगळ्यांत सरकायची. नकाशेही आपसूक बदलायचे.

"शेवटची तपासणी तुझी," तो धाकटीला म्हणाला होता. "कोपरान् कोपरा बघ. बघून होईस्तोवर खुर्चीवरून हलायचं नाही."

धाकटी हलली नाही. पाय मात्र सारखे हलवत होती. बाहुली स्वयंपाकघरातून गॅलरीत गेली, परत आली, पॅसेजमध्ये तीन चकरा मारून उभी राहिली.

"दादा, हिला शू लागलीये."

"मग ने की! बाथरूम समोरच आहे."

"जाऊ कुठून? दारच नाहीये!"

दादा वाकला आणि वाकलेलाच राहिला. मागच्या आठवड्यात भिंत सरकवताना त्यानं दार काढून ठेवलं होतं. परत लावायचं राहून गेलं होतं. आज्ञाधारक कॉम्प्युटरनं ते अठ्ठेचाळीस घरांतून काढलं होतं. काल सरांनी नकाशे दोनदा पाहिले होते. वारा, उजेड, सगळ्याचं कौतुक केलं होतं. पण त्यांना काही शू लागली नव्हती.

"दादा, लवकर कर ना!"

दादानं एका घरात दार बसवलं. एक बटण दाबलं. बाराही मजल्यांवर दारं उमटली. दुसऱ्या बटणासरशी नकाशे कॉलेजला रवाना झाले.

"हुश्श! वाचवलंस गं बाई. पण बाहुलीला शू लागली असेल, हे तुला सुचलं कसं?"

उत्तर द्यायला धाकटी थांबलीच नाही. तिनं बाहुलीला आत ढकललं, खुर्चीवरून उडी मारली आणि घरातल्या खऱ्या दाराकडे धूम ठोकली.