बुचावरचा शेंदूर

गाडीखाली शिरायचं धाडस उत्तमला झालं नाही. त्याने ताडपत्री अर्धी उचलली, काळ्या बॉनेटवर साचलेली धूळ पाहिली आणि ताडपत्री तशीच सोडून तो ओट्यावर जाऊन बसला.

राजलक्ष्मीबाईंनी निरोप धाडला होता, गाडी भंगारात काढायची आहे, एकदा येऊन बघून जा. चार वर्षं गाडी अंगणाच्या कोपऱ्यात उभी होती. बाईंचे यजमान अप्पा असेपर्यंत तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती. गेल्या महिन्यात अप्पा गेले.

बाई आत चहा टाकत होत्या. दोन दिवसांनी नवं राज्य येणार म्हणून गिरगावात घरोघर दिव्यांच्या माळा चढत होत्या. ज्या घराने त्यासाठी एकुलता एक मुलगा दिला, त्या घरावर माळ नव्हती.

मनमोहन. उत्तम त्याला मनुशेट म्हणायचा. छप्पन सालच्या जानेवारीत शहर पेटलं, तेव्हा लालबागेतल्या जखमींना गाडीतून परळच्या इस्पितळात पोचवायचं त्याने ठरवलं. आईचा विरोध होता. कुठल्या आईचा नसतो? आदल्या दिवशी त्याने उत्तमला घरीच बोलावलं. म्हणाला, गिअरबॉक्सचं तेल बदलून टाक, उद्या धावपळ आहे, गाडीने दगा देता कामा नये.

काम नेहमीचं होतं. खालचं बूच काढायचं, काळं तेल परातीत गळू द्यायचं, बूच आवळायचं, नवं तेल भरायचं. उत्तम माझगावच्या कोळ्याचा मुलगा. त्याचा बाप होडीच्या तळाचं बूच ठोकून बसवलं की त्यावर शेंदराचा ठिपका लावी. ठिपका दिसला तरच होडी पाण्यात लोटायची. उत्तमने ती रीत गॅरेजात आणली होती. बाकीचे मेकॅनिक हसायचे, हा गाड्यांचे मारुती करतो म्हणायचे. पण उत्तमच्या हातची गाडी कधी गळली नव्हती.

त्या दिवशी बाई ओट्याच्या खांबाला टेकून बघत होत्या. शेंदराची डबी पाहून त्यांनी विचारलं, हे कशाला रे? उत्तमने कौतुकाने सगळं सांगितलं. बूच म्हणजे काय, तेल कशाला लागतं, कुठला पान्हा कुठे बसतो. कोळ्याच्या पोराला प्रभूंच्या घरची बाई काही विचारते आहे म्हटल्यावर तो जरा जास्तच रंगात आला. आणि नेमकं त्या बोलण्याच्या नादात आपण ठिपका लावला की नाही, हे नंतर त्याला काही केल्या आठवेना. पान्हासुद्धा तो तिथेच विसरून आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी तो स्वच्छ पुसून, कागदात गुंडाळून गड्याबरोबर पाठवून दिला.

त्याच सकाळी मनमोहन निघाला. शेजारी सांगत, गाडी सुरू झाली तशा बाई अनवाणी फाटकापर्यंत धावल्या, थांब म्हणून ओरडल्या. आईचं काळीज, तिला आधीच कळलं होतं, असं सगळे म्हणाले. गाडीने दोन खेपा नीट केल्या. तिसऱ्या खेपेला लालबागच्या नाक्यावर गिअरबॉक्स किंचाळला आणि दातखिळी बसावी तसा जाम झाला. मनमोहन ढकलायला खाली उतरला. गोळी तिथेच लागली.

गाडी ओढून घरी आणली तेव्हा खालच्या भोकात बूच नव्हतं. उत्तम अंगणात रांगत फिरला. तेल घरीच गळलं असेल तर डाग असेल आणि बूचही तिथेच सापडेल, या एका आशेवर. पण गाडीची जागा नुकतीच शेणाने सारवलेली होती, डागाचा मागमूस नव्हता. म्हणजे बूच रस्त्यात पडलं. म्हणजे ते ढिलं होतं.

अप्पा स्मशानात सगळ्यांदेखत म्हणाले होते, "माझा मुलगा पोलिसांनी नाही, ह्याने मारला." बाईंनी घरी येताच त्यांना गप्प केलं. त्या पोराला शब्द बोलायचा नाही, अशी ताकीद दिली. दर दिवाळीला त्या उत्तमकडे फराळाचा डबा धाडत राहिल्या. तो फराळ त्याच्या घशाखाली उतरत नसे. इतक्या चांगल्या बाईचं पोर आपण खाल्लं, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत राही. त्याने गॅरेज सोडलं, भावाच्या होडीवर गेला. तरी शहरात आला की पाय गिरगाव ते लालबाग चालू लागत आणि नजर गटाराच्या कडेने बूच शोधत राही. त्यावर शेंदूर असला तर आपण सुटलो.

बाई चहा घेऊन आल्या. उत्तमने कप घेतला नाही.

"बाई, आज बोलतो. ते बूच माझ्याच हातून ढिलं राहिलं. मनुशेटला मी मारलं."

बाईंनी कप ओट्यावर ठेवला.

"अप्पा होते तोवर तोंड उघडलं नाही," त्या म्हणाल्या. "गाडीचं निमित्त करून तुला बोलावलं."

त्या आत गेल्या. देवघरातली घंटी किणकिणली, काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. परत येऊन त्यांनी उत्तमचा हात ओढला आणि तळव्यावर एक जड वस्तू ठेवली.

बूच होतं. त्यावरचा शेंदराचा ठिपका सुकून काळपट झाला होता, पण पुरा होता.

उत्तमने वर पाहिलं.

"तूच म्हणाला होतास ना रे," त्या म्हणाल्या, "हे नसलं तर गाडी जागची हलत नाही."