दुपारची कडी

निवेदन तयार झालं तसा इस्त्रीवालीने आईला फोन लावला.

ऑफिसात तिला हेच नाव पडलं होतं. कंपनीवर सायबर हल्ला झाला की लोकांना काय सांगायचं आणि कसं सांगायचं, हे ठरवणं तिचं काम. कितीही चुरगळलेली बातमी द्या, तिच्या टेबलावरून ती कडक घडी होऊनच बाहेर पडायची. मात्र त्याआधी ती गुपचूप आईला वाचून दाखवायची. नियमात हे अजिबात बसत नव्हतं. पण आई घाबरली नाही म्हणजे जग घाबरणार नाही, असा तिचा आडाखा होता आणि तो आजवर चुकला नव्हता.

खिडकीबाहेर भर दुपारीही धुकं होतं. समोरची इमारत त्यात केव्हाच विरघळून गेली होती, नुसते दिवे तेवढे हवेत राहिले होते. जागरणाने तिचं डोकं हलकं झालं होतं, खुर्चीसकट आपणही तरंगतोय असं वाटत होतं. काचेपलीकडे साहेब आणि सुरक्षा विभागाचा प्रमुख बोलत होते. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. सकाळी प्रमुखानेच सांगितलं होतं, की कोणीतरी आत शिरून लोकांनी कंपनीकडे साठवलेली जुनी रेकॉर्डिंग पुसून टाकली आहेत. बॅकअपसकट. "गेली ती गेली," तो म्हणाला होता. "मी काही जादूगार नाही."

"झोपली होतीस का गं?" तिने विचारलं.

"छे, नुसती पडलेय. वाच तू."

तिने वाचलं. "काही मोजक्या ग्राहकांची जुनी रेकॉर्डिंग सध्या उपलब्ध नाहीत. आमचे तज्ज्ञ त्यावर अहोरात्र काम करत आहेत."

"छान झालंय," आई म्हणाली. "म्हणजे काळजीचं काही नाही. बरं झालं बाई फोन केलास. मघापासून ह्यांचं लागत नव्हतं. मला वाटलं, माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं."

हे इस्त्रीवालीच्या ध्यानातच आलं नव्हतं.

बाबांचा फोनवर रेकॉर्ड झालेला एक निरोप होता. ते गेल्यावर तेवढाच आवाज मागे राहिला होता त्यांचा. निघालोय गं, पोचतोच, कडी घालू नकोस, मला बेल वाजवत उभं राहायचा कंटाळा येतो. आई रोज दुपारी आडवी झाली की तो लावायची आणि ऐकता ऐकता झोपून जायची. दार नुसतं लोटलेलं असायचं. लेकीने कितीदा कानीकपाळी ओरडून सांगितलं, आई, कडी घालत जा. आई म्हणायची, घालते की. आणि घालायची नाही. जगाला कुलपं लावायला सांगणाऱ्या बाईच्या माहेरी ही तऱ्हा!

निरोप लेकीनेच कंपनीकडे साठवून दिला होता. जपून ठेवायचं ते दोन ठिकाणी ठेवा, असं ती लोकांना दरवर्षी लिहून कळवायची. स्वतः मात्र एकाच ठिकाणी ठेवून निर्धास्त राहिली होती. आपल्याच कंपनीत आहे, जाणार कुठे?

"सध्या म्हणजे उद्या-परवा लागेल ना गं?" आईचा आवाज पेंगुळला होता, आणि चांगला खुशीत होता.

साहेबांनी काचेवर टकटक केलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. तिला ते फार लांबून दिसलं. आई घाबरली नव्हती. म्हणजे निवेदन उत्तम जमलं होतं. तिला स्वतःचीच शिसारी आली.

तिने वाक्य खोडलं, दुसरं लिहिलं.

"आई, थांब. बदललंय थोडं. ऐक." तिने नवं वाक्य वाचलं. "ही रेकॉर्डिंग पुसली गेली आहेत. ती परत मिळणार नाहीत. आम्ही ती जपायला हवी होती."

पलीकडून नुसती खरखर आली. धुकं फोनमध्ये शिरलंय की काय, असं तिला वाटून गेलं.

"हेच पाठवणार आहेस?" आईने विचारलं.

"साहेब चिडतील. पण हो."

"पाठव. नाहीतर लोक उगाच वाट बघत बसतील."

तिने बटण दाबलं. काचेपलीकडे साहेबांनी चष्मा वर करून स्वतःच्या स्क्रीनकडे पाहिलं आणि ते ताडकन उठले.

"आई?"

"आहे गं. जरा धर हं," आई म्हणाली. फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. मग पलंग करकरला. स्लिपर फरफटत दारापर्यंत गेल्या, तिथे थोडा वेळ थांबल्या.

आणि कडी लागल्याचा आवाज आला.