तिघांची काशी

"पहिल्या दिवशी कुठे हिंडायचं नाही, आई. नुसतं घाटावर बसायचं," पोल्टू म्हणाला आणि त्याने मुरमुऱ्यांची वाटी तशीच बाजूला सारली. "दुसऱ्या दिवशी पहाटे नाव करू. मग सारनाथ. अंगात बळ असलं तर रामनगरचा किल्ला."

कुमुदबालाने मान हलवली. बळ कुणाच्या अंगात, हे तिने विचारलं नाही. सत्तरी गाठलेल्या बाईने ते आपलं आपण समजून घ्यायचं असतं.

काशी बघायची हौस तिचीच. नवरा होता तेव्हापासून तिने या एका गोष्टीसाठी घर डोक्यावर घेतलं होतं. आता एकुलता एक मुलगा स्वतःहून नेतो म्हणत होता, आणि आता तिचाच पाय घराबाहेर निघत नव्हता.

कारण मागच्याच आठवड्यात अंगणात सांडगे घालताना तिने स्वयंपाकघरातलं बोलणं ऐकलं होतं. सून, शेफाली, दबक्या आवाजात म्हणत होती, "जाणार तिघं आणि परत येणार दोघं. हे आईंना सांगायचं कसं?"

आणि पोल्टू म्हणाला होता, "तिथे गेल्यावर सांगू. आत्ता कळलं तर ती घराबाहेर पाऊल टाकायची नाही."

बंगालातल्या कृष्णनगरात जन्म काढलेल्या विधवेला याची फोड करून सांगावी लागत नाही. या गल्लीतून किती सासवा, किती काकवा विश्वनाथाच्या दर्शनाला म्हणून गेल्या आणि तिकडच्याच झाल्या. कुमुदबालाचे हात डाळीच्या पिठात तसेच राहिले होते.

शेजारच्या खेंतीपिशीला तिने आडून आडून विचारलं. पिशी जगाची आत्या, आणि तिच्या जिभेला हाड नाही. "घोषालांची आई गेली ना अशीच," पिशी पान लावत म्हणाली. "पोरं परत आली ती तिच्या वाटणीचे पेढेसुद्धा घेऊन. आता बाई दोन वेळच्या भातासाठी आश्रमात भजनं म्हणते. तुझा गळा बरा आहे ना गं?"

कुमुदबाला हसली आणि घरी येऊन देवापुढे रडली. मरणाची तिला भीती नव्हती. भीती होती ती परक्या गल्लीत, परक्या भाषेत, कुणी 'आई' म्हणणारं नसताना जगण्याची.

मग तिला सगळीकडे तेच दिसू लागलं. पोल्टूने काशीच्या बंगाली टोल्यात, बंगाल्यांच्या वस्तीत, खोली ठरवली होती, तीही महिन्याच्या भाड्याने. तळमजल्याची, जिने चढायला नकोत म्हणून. खिडकीतून गंगा दिसते म्हणाला. जेवण देणाऱ्या बाईला आधीच सांगून ठेवलं होतं, मऊ भात, तेल-तिखट नाही. चार दिवस फिरायला जाणारी माणसं कधी महिन्याने खोली घेतात? आणि जिने चढवत नाहीत असं कुमुदबाला कधी म्हणाली होती? ती तर रोज गच्चीवर कपडे वाळत घालत होती.

शेफालीला त्याने मुलींच्या शाळेत नोकरी धरायला लावली होती. घरपट्टी कुठे भरायची, छप्पर गळलं तर कुणाला बोलवायचं, सगळं तिला बसवून शिकवत होता. म्हातारी गेल्यावर घर चालवायची तालीमच ती.

त्याचंही मन त्याला खात असणार, एवढं तिला कळत होतं. सदरा अंगावर लोंबत होता. ज्या माशाच्या डोक्यासाठी लहानपणी बापाशी भांडायचा, ते ताटात तसंच राहायचं. दर आठवड्याला कामाचं निमित्त काढून कोलकात्याला जायचा, परत आला की भिंतीकडे तोंड करून पडायचा. आईला टाकून यायला निघालेला मुलगा आईच्या डोळ्याला डोळा कसा भिडवणार? तिला त्याचा राग यायचा, आणि राग आला की जास्तच भीती वाटायची, कारण आता रागावून चालण्यासारखं नव्हतं.

तिने जमेल ते केलं. खोकला आला तर तोंडात पदर कोंबला. भांडी घासायला घेतली. शेफालीच्या हातच्या वरणाला चांगलं म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदाच. ते ऐकून शेफाली डोळे पुसत मागल्या दारी पळाली. लाज आहे म्हणायची पोरीला, कुमुदबालाच्या मनात आलं.

निघायचा दिवस उजाडला. ट्रंक आवळून झाली, रिक्षा दारात आली. कुमुदबालाने ओसरीचा खांब धरला आणि ती खाली बसली.

"पोल्टू, मी येत नाही."

"आता काय झालं, आई?"

"मला सगळं ठाऊक आहे. मी ऐकलंय, तिघं जाणार आणि दोघं परत येणार." आता ती थांबणार नव्हती. "मला तिथे ठेवू नकोस रे. मी मागच्या पडवीत राहीन. एक वेळ जेवीन. तुमच्या कशात बोलणार नाही. बौमा, सून ना तू माझी, तू तरी सांग त्याला."

शेफालीने हातातली पिशवी खाली ठेवली आणि तोंडावर पदर धरला.

पोल्टू खांबाला धरत धरत आईशेजारी बसला. बसायलाही त्याला दम लागला. त्याने तिची बोटं खांबावरून एकेक करून सोडवली आणि हातात धरून ठेवली.

"तुला कोण ठेवतंय, आई?" तो म्हणाला. "परत येताना शेफाली एकटी पडू नये, म्हणून तर तुला बरोबर नेतोय."