वाणाचे करंडे

कडूबाईनं करंडा पदरानं पुसला आणि पदर पिवळा झाला. दुसरा घेतला, तोही तसाच. पुसलं तिथला पितळी रंग निघून खालचा पांढरा पत्रा दिसायला लागला.

निकिता उंबऱ्यातच थांबली. तिळाच्या लाडवांचा डबा घेऊन ती शेजारून मदतीला आली होती.

"काकू, हे कधी आले?"

"आत्ताच डिलिव्हरीवाला देऊन गेला." कडूबाईनं पुसलेला करंडा चटकन खोक्यात पालथा घातला. "छान हायत गं. हलके हायत."

झाकणावरचा मोर निकितानं लगेच ओळखला. पिंगळीतल्या आपल्या घरात बसून तिनं तो मोबाईलवर कितीतरी बायकांना दाखवला होता. 'ताईंनो, संक्रांतीच्या वाणाला अस्सल पितळी करंडे, मी स्वतः वापरतेय, लिंक खाली दिलीय.' लिंकवरून कुणी काही घेतलं की त्यातला थोडा वाटा तिला मिळे. करंडा मात्र ती आज पहिल्यांदाच पाहत होती. व्हिडिओ खरेदीच्या ॲपवाल्यांकडून तयार आला होता. तिनं त्याला नुसता आपला आवाज दिला होता.

"मला एकदा विचारायचं तरी, काकू."

"त्यात इचारायचं काय? तुज्याच लिंकवरून घे म्हणून आमच्या गोपाळला बजावलं म्या. दुनियेनं तुज्याकडून घ्यायचं अन् शेजाऱ्यानं न्हाई, असं कुठं असतंय का?"

"परत पाठवू आपण."

"अन् बायांच्या हातावर काय ठिवू? घटकाभरात येतेल त्या." कडूबाई करंड्यांत चमच्यानं कुंकू भरायला लागली. "असं काठोकाठ भरायचं. सांडंल म्हणून कुणी उलटंपालटं करून बघत न्हाई. अन् इचारलंच कुणी, तर पूर्णेच्या बाजारातून आणले म्हणायचं. तू गप राहा."

"तुमी कामून खोटं बोलायचं?"

"आत्ता कुठं नाव व्हायलंय तुजं. ते म्या माज्या हातानं खराब करू व्हय?"

बायका आल्या. कडूबाई हळदीकुंकू लावून वाण देत होती, निकिता लाडू. हातात करंडा पडला की प्रत्येक बाई तो कौतुकानं बघे आणि जपून पिशवीत ठेवी. एकेक पिशवी बंद होई, तसा निकिताचा जीव भांड्यात पडे.

मागच्या गल्लीतली रुख्मिणी सगळ्यात शेवटी आली. भेंडी घेताना एकेकीचं टोक मोडून बघणारी बाई. तिनं करंडा दाराच्या उजेडाकडं धरला.

"कुठून आणले, कडूबाई?"

"पूर्णेहून."

"असलेच निकिताच्या व्हिडिओत होते की. म्या म्हणलं, भक्तीच्या लग्नात बायांना हेच द्यावं. लेकीचं लग्न काय रोज रोज होतंय? तुज्या गोपाळलाच म्हणणार हाय, मागव म्हणून." ती निकिताकडं वळली. "तू वापरतीस म्हणं. कसे हायत गं?"

निकितानं तोंड उघडायच्या आत कडूबाई बोलली.

"लय चांगले. ह्याच्याहून चांगले. डोळे झाकून मागव."

आयुष्यभर रतिबाच्या दुधात पाणी न घातलेली बाई इतक्या सहज खोटं बोलली, की निकिताला तिच्याकडं बघवेना.

"नका मागवू, काकू," ती रुख्मिणीला म्हणाली. "हे त्या लिंकवरचेच हायत."

तिनं रुख्मिणीच्या हातातला करंडा घेतला आणि अंगठ्यानं घासला. थोडं कुंकू सांडलं. पिवळा झालेला अंगठा तिनं सगळ्यांना दिसेल असा धरला.

लाडू खाणारी तोंडं थांबली.

"अन् स्वतः वापरतेय म्हणलीस ते?" रुख्मिणीनं विचारलं.

"न्हाई वापरला. आजपर्यंत बघितलाबी नव्हता."

"अगं ए येडे!" कडूबाई कळवळून ओरडली. "म्या इथं झाकायलेय अन् तू उघडं करायलीस!"

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळ्याच हसल्या, पदर तोंडाला लावून कडूबाईसुद्धा. निकिता हसली नाही. तिनं मोबाईल काढला आणि तिथंच उभ्या उभ्या तो व्हिडिओ काढून टाकला.

"ते झालं," रुख्मिणी म्हणाली. तिचं हसणं थांबलं होतं. "पण आधीच ज्येंनी मागवले, त्येंला कोण सांगंल?"

"मीच सांगते. आज नवीन व्हिडिओ टाकते. जसं झालं तसं सांगते."

"मग कोण घेईल तुज्याकडून?"

निकितानं खांदे उडवले. डोळे भरून आले होते, म्हणून ती सांडलेलं कुंकू गोळा करायला खाली वाकली. कडूबाई तिच्याशेजारी बसली आणि तिच्याबरोबर गोळा करायला लागली.

रुख्मिणी दोघींकडं वळली.

"करंडे तर मला पाहिजेतच," ती म्हणाली. "उद्या परभणीच्या बाजारात चल माज्यासंगं."

"मी?" निकितानं वर पाहिलं. "एवढं झाल्यावरबी मीच?"

"तूच. मोबाईल तेवढा घरी ठिवून ये. वस्तू बघायला दोनी हात लागतेत."